हवेतली पावलं

लुवेनियाने कोबीचा गड्डा उचलला, दाबून पाहिला, आणि तो परत ठेवायच्या आत दुकानाच्या छतातून तिच्या बाबांचं गाणं वाजायला लागलं. छतात जाळीचे गोल कर्णे बसवलेले होते. त्यांतून दिवसभर काही ना काही पाझरत असे आणि ते कुणी ऐकत नसे. मेम्फिसला राहायला आल्यापासून तिनेही कधी ऐकलं नव्हतं. पण हे कानात शिरलंच नाही, सरळ मनगटात शिरलं. कोबी धरलेली बोटं आपोआप हलली. गिटारच्या खालच्या तारेवर अंगठ्याची ती जड, हट्टी टपटप, आणि वरच्या तारांवर तेच मोजके सूर पुन्हा पुन्हा, रसाच्या घाण्याला जुंपलेलं खेचर फिरतं तसे. शब्द नव्हते. या गाण्याला शब्द कधी नव्हतेच, बाबा नुसते घशातल्या घशात गुणगुणत. तिला आधी फार बरं वाटलं. चाळीस माणसांच्या गर्दीत कुणी आपल्याला लहानपणच्या नावाने हाक मारावी तसं. मग ती जागा जवळ आली. तिने नकळत श्वास धरला. जागा आली, आणि गेली. गाणं थांबलं नाही. जिथे एक अख्खी मात्रा काहीही वाजायला नको होतं तिथे ढोलाचा ठोका पडला, नीट, गोल, जागच्या जागी, आणि गाणं पुढे चालतं झालं. कुणीतरी खड्डा बुजवला होता आणि वरून रस्ता केला होता.

"अहो बाई, घेणार आहात का तो कोबी, की मांडीवर घेऊन जोजवणार?" मागे गाडी ढकलत आलेल्या एका म्हातारीने विचारलं. लुवेनियाने कोबी तिच्याच हातात दिला आणि बाजूला झाली. गाणं दुसऱ्या फेरीला आलं. पुन्हा ती जागा, पुन्हा तो ठोका. आता तिने ढोल ऐकला. डावी काठी उजवीपेक्षा जराशी ओढत, जराशी उशिरा पडत होती. असा हात अख्ख्या मिसिसिपीत एकाच माणसाचा होता. लाकडाच्या गाडीखाली खांदा सापडल्यापासून होझिया काकांची डावी काठी अशीच पडायची. म्हणजे चोर परका नव्हता. ज्याच्या ओसरीवर ती लहानपणी झोपली होती, ज्याने बाबांच्या शवपेटीला खांदा दिला होता, त्याच माणसाने त्या जागेवर काठी मारली होती. तिने गाडीतलं सामान तिथेच सोडलं आणि रस्त्यावर आली.

वृद्धाश्रमाकडे जाणारी बस लवकर येत नाही. ती बाकावर बसली. संध्याकाळी नदीकाठच्या खाणावळीत तिचा कार्यक्रम होता, दर शनिवारी असे. त्याआधी घरी जाऊन आंघोळ, इस्त्री, नव्या तारा. हे सगळं ती मनात म्हणत राहिली आणि जागची हलली नाही. हॉस्पिटलच्या धुलाईघरात आठवडाभर चादरी उपसून तिचे खांदे भरून आलेले असत आणि शनिवारी तेच खांदे गिटार उचलत. लोक विचारत, कुठून आणता हो एवढा जोर? ती हसून सांगायची, चादरींतून. खरं उत्तर निराळं होतं आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आठवड्यातून एकदा, त्या एका मात्रेपुरती, तिला आपली आई ऐकू यायची.

त्या गाण्याला सगळे लंगडं म्हणायचे. ओझी टेटमचं, म्हणजे तिच्या बाबांचं, लंगडं. उन्हाळा सरता सरता तिच्या बाबांच्या अंगणात पिकनिक व्हायची, खड्ड्यात निखाऱ्यांवर बकरा भाजायला ठेवलेला, मोठ्या काळ्या कढईत त्याचंच कालवण, आणि डोंगराळ मुलखातून चारी दिशांनी आलेली माणसं. अंधार पडायच्या सुमाराला बाबा लंगडं सुरू करत. होझिया काका गळ्यात ढोल अडकवून वाकून वाकून वाजवत, जवळजवळ जमिनीला टेकत, आणि सगळं अंगण टाचा आपटत नाचायला लागे. ती जागा आली की बाबांचा हात थांबे, काकांची काठी वरच्या वर राही, आणि नाचणाऱ्यांनी एक पाय उचलून तसाच धरायचा. अंगणभर माणसं एका पायावर. ज्याचं पाऊल खाली पडेल त्याने कढईपाशी जाऊन धुरात कालवण ढवळायचं. नवखी माणसं हमखास फसायची. एखादा कुणाचा शहरातला जावई नेमका धप्पकन पाय टाकायचा आणि हशा पिकायचा. पण हशा नंतरचा. आधी ती शांतता यायची, आणि तिच्यात रातकिडे ऐकू यायचे, निखाऱ्यावर चरबीचा थेंब पडून चुरचुरलेला ऐकू यायचा, आणि घराच्या मागच्या खिडकीतून आईचा खोकला. कोरडा, छोटा, दाराला कुणी बोटाच्या पेराने टकटक करावी तसा. बाबा मान डाव्या खांद्याकडे वाकवत, खिडकीच्या बाजूला. खोकला आला की मान सरळ व्हायची आणि अंगठा तारेवर पडायचा. लुवेनिया तेव्हा एवढीशी होती आणि तिचाही पाय वर असायचा. तिला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. तिला ते आपलं आपणच कळलं होतं. बाबा थांबतात ते आई आहे ना हे बघायला.

आई हिवाळ्यात गेली. पुढच्या उन्हाळ्यात पिकनिक होऊ नये असं काहीजण म्हणाले, पण बकरा आधीच पाळलेला होता. बाबांनी लंगडं सुरू केलं. लुवेनिया नाचत होती की नुसती उभी होती हे तिला आठवत नाही. जागा आली. बाबांचा हात थांबला. मान खिडकीकडे वाकली. अंगणभर पावलं हवेत. खिडकीतून काही आलं नाही. ती मात्रा नेहमीएवढीच होती, तरी त्या मात्रेत लुवेनिया मोठी झाली. मग मान सरळ झाली आणि अंगठा पडला, जणू खोकला आलाच होता. त्यानंतर बाबा जोवर वाजवत होते तोवर त्या जागी थांबले, आणि ते गेल्यावर लुवेनिया थांबत आली, आणि प्रत्येक वेळी तिला त्या एका मात्रेत ती खिडकी दिसली, पडदा म्हणून लावलेलं पिठाचं धुतलेलं कापडी पोतं दिसलं. तिच्यापाशी आईचं दुसरं काही नव्हतं. फोटो एक होता तो ओल लागून चिकटला होता. चेहरा आठवायला गेलं की मावश्यांचे चेहरे पुढे यायचे. बस आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग आला आहे, आणि हा राग एका म्हाताऱ्या माणसावर काढायला निघालो आहोत. तिला त्याची लाज वाटली नाही. वाटेत तिने सार्डिनचा डबा आणि खारी बिस्किटं मात्र घेतली, कारण काकांकडे रिकाम्या हाताने जायची पद्धत नव्हती.

होझिया काका खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. तोंडात दात नव्हते. हात मांडीवर उपडे पडलेले, पण डाव्या हाताचं एक बोट हळूहळू कसला तरी ठेका धरून होतं.

"टेटमांची पोरगी," ते मागे न बघता म्हणाले. "टाच आपटत चालायची खोड काही जात नाही तुमच्या खानदानाची. काय आणलंयस, का नुसतंच तोंड घेऊन आलीस?"

"सार्डिन आणलेत, काका."

"मग बस."

तिने डबा उघडला, एका बिस्किटावर मासा ठेवून त्यांच्या हातात दिला. त्यांचं चघळून होईपर्यंत ती थांबली. मोठ्यांशी भांडायचं तरी आधी खाऊ द्यायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं.

"काका, लंगडं कुणी वाजवलंय?"

ते हसले. "ऐकलंस होय? कुठे?"

"किराण्याच्या दुकानात. कोबीपाशी."

"कोबीपाशी," काकांना फारच मजा वाटली. "ओझी असता तर लोळला असता. जन्मभर कोबीला पाणी घातलं गड्याने. डेझिरेनं वाजवलंय ते. माझी नात. इथे यायच्या आधी मला घेऊन गेली होती, गाणं टिपून घेतात त्या काचेच्या खोलीत बसवलं, कानाला डबी लावली. हात चांगला आहे पोरीचा. आहे की नाही, खरं सांग?"

"चांगला आहे," लुवेनिया म्हणाली, आणि ते खरंच होतं, हेच तर तिला सोसत नव्हतं. "पण ती जागा कुठे गेली?"

काकांनी दुसरं बिस्किट मागितलं. तिने दिलं.

"त्या डबीत एक यंत्र टिकटिक करतं," ते म्हणाले. "सारखं. त्याला थांबणं बिंबणं कळत नाही. आपण थांबलो की ते म्हणतं चूक. पोरगी म्हणाली, आजोबा, त्याला बंद करू का, तुमच्यासारखं थांबू का? मी म्हटलं, नको गं बाई. बस झालं आता."

"बस झालं म्हणजे काय?"

"म्हणजे बस झालं. या मोडक्या खांद्यावर काठी वर धरून धरून माझं आयुष्य गेलं. ओझी थांबायचा, त्याचं काय जात होतं, त्याचा हात मांडीवर. एकदा तरी त्या जागेवर काठी हाणायची होती मला. हाणली. बरं वाटलं."

"ते आईसाठी होतं, काका."

त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "कोण म्हणालं तुला?"

"कुणी म्हणायला कशाला हवं? मी ऐकलंय. मी अंगणात होते. बाबा थांबायचे, खिडकीकडे मान करायचे, आई खोकायची."

"खोकायची ती नंतर," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि त्यामुळे तिला भीती वाटली. "पोरी, ती खुंटी होती. ओझीची जुनी गिटार, दुकानात पडून असलेली. तिसऱ्या तारेची खुंटी घसरायची. लंगड्यात तिथपर्यंत आलं की तार हमखास उतरायची. मग तो थांबून डाव्या हाताने खुंटी पिळायचा. पुढे पुढे तिथे पक्कडच लावून ठेवली होती, तारेने गुंडाळून. आठवतेय पक्कड?"

तिला पक्कड आठवत होती. लाल मुठीची. ती तिला खेळणं वाटायची.

"आणि मान?"

"तार लागली का ते ऐकायला. मान वाकडी करून नाही, तर काय पायाने ऐकणार होता?"

"नवी गिटार आली त्याच्यानंतरही थांबायचे ते. तिची खुंटी काही घसरत नव्हती."

"सवय. आमचं खेचर मेलं, त्यानंतर वर्षभर गोठ्याशी गेलं की माझा हात दावं धरायला वर जायचा. त्यात काय एवढं." त्यांनी मांडीवरचा बिस्किटाचा चुरा झटकला. "तुझी आई तेव्हा चांगली ठणठणीत होती. माझ्याबरोबर नाचलीय ती लंगड्यावर. अशी काही नाचायची. आणि त्या जागेला आलं की मुद्दाम पाय खाली टाकायची. मुद्दाम. मग हसत जायची कालवण ढवळायला, म्हणजे चाखायला पहिलं तिला मिळायचं. मोठी खादाड."

पाय टाकणारी, खादाड, हसत धुरात जाणारी बाई लुवेनियाने कधी पाहिली नव्हती. ती बाई तिच्या जन्माआधीची होती, किंवा ती पाळण्यात असतानाची. काकांनी एका वाक्यात तिला आई दिली होती आणि त्याच वाक्यात तिची होती ती काढून घेतली होती. नर्स गोळ्या घेऊन आली. काकांनी तिला मॅटी म्हणून हाक मारली. मॅटी काकू जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. लुवेनियाने त्या हाकेला घट्ट धरलं. म्हातारं चळलंय, माणसं ओळखत नाही, याचं काय ऐकायचं. पण चळलेल्या माणसाला पक्कड आठवत नाही, तिच्यावर गुंडाळलेली तार आठवत नाही. ती उठली, काकांच्या हनुवटीला लागलेलं तेल पुसलं.

"रागावलीस?" ते म्हणाले.

"नाही, काका."

"रागावलीयस. तुझ्या बापाचं नाक आहे तुला, लगेच फुगतं. डेझिरेला भेट एकदा. तुझ्याकडे यायचंय तिला, घाबरते."

"भेटेन," लुवेनिया म्हणाली. तिला त्या मुलीचं तोंडही बघायचं नव्हतं.

घरी तिने नव्या तारा चढवल्या. तिसरी तार चढवताना खुंटीवर बोट जरा जास्त वेळ राहिलं. खुंटी पक्की होती, तेल घातलेली, तसूभर हलत नव्हती. हात थांबला की काय व्हायला हवं, हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं, ते आपोआप व्हायचं. आता ती विचारत होती. बाबा मागच्या खिडकीकडे वळायचे, हे तिला पक्कं माहीत होतं. पण खिडकी डावीकडे होती, आणि गिटारची खुंटीही डावीकडेच असते. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं आपल्या डोक्यात कशी आली नाही? मग आई गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली ती मान? ती रिकाम्या खिडकीकडे वळलेली होती, की नुसतीच वळायची म्हणून वळली होती? आणि खोकला? खोकला होता. तो तिने ऐकला होता. पण जगात शांतता पसरली की कुणी ना कुणी खोकतंच. तिने इस्त्री फिरवता फिरवता बाहीवर काळा डाग पाडला आणि दुसरा झगा घातला.

खाणावळीच्या अंगणात उजेड अजून होता. नदीवरून गरम वारा येत होता आणि तळलेल्या कॅटफिशचा वास सगळ्या टेबलांवर बसला होता. टेरेल ढोल लावून आधीच बसला होता. तो तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, तिशी उलटलेला, दिवसा गोदामात काम करायचा. ढोल त्याला लुवेनियानेच शिकवला होता, आणि त्या जागी काठी वर धरायलाही.

"मावशी, तोंड का असं सुकलंय? जेवलीस का?"

"कोबी मिळाला नाही," ती म्हणाली.

त्याला वाटलं चेष्टा करतेय. तो हसला.

आधीची गाणी नीट गेली. बोटं आपलं काम करत होती. लोक खात होते, मधूनच बघत होते, एक जाडा माणूस टेबलावर बोटांनी ठेका धरून होता, चुकीचा, पण मनापासून. मग टेरेलने तिच्याकडे पाहिलं आणि तिने मान हलवली. लंगडं. अंगठा खालच्या तारेवर पडला आणि अंगण उभं राहिलं, कढई, धूर, एका पायावर उभी माणसं. सगळं होतं. आता खिडकी येईल. पण खिडकीच्या आधी पक्कड आली, लाल मुठीची, आणि तिच्यामागून ती न पाहिलेली बाई आली, पाय खाली टाकत, खदाखदा हसत, आणि लुवेनिया तिचा चेहरा बघायला गेली, आणि तोवर जागा मागे पडली होती. तिचा हात थांबलाच नव्हता. सकाळपासून डोक्यात फिरणारं दुसरं लंगडं, ते न लंगडणारं, तिच्या हाताने वाजवलं होतं. टेरेलची काठी हवेत एकटीच राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं, घाईने ठोका टाकला आणि गाणं पकडलं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. उलट त्या जाड्या माणसाचा ठेका पहिल्यांदा बरोबर बसला आणि तो खूश होऊन बायकोकडे बघायला लागला.

गाणं फिरत होतं, दुसरी फेरी येणार होती, आणि आता लुवेनिया ती हातावर सोडणार नव्हती. ती मोजायला लागली. या गाण्यात तिने कधी मोजलं नव्हतं. बाबांनी मोजायला शिकवलंच नव्हतं. ते म्हणत, मोजायचं ते पोत्यातल्या बटाट्यांना. ती मोजत राहिली आणि मोजताना तिचा अंगठा ताठ झाला, हे तिला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. जागा आली. तिने हात थांबवला. टेरेलची काठी वर. तिने मान डावीकडे वाकवली. नदीवर कुठेतरी मोठ्या बोटीचा भोंगा. आत स्वयंपाकघरात तेलाचं चुरचुरणं. तार लागलेली होती, अगदी स्वच्छ, तिच्या कानात अजून हलत होती. खिडकी नव्हती. तिने वाट बघितली. आणखी थोडी वाट बघितली. ती मात्रा केव्हाच संपली होती आणि ती अजून वाट बघत होती, कारण अंगठा टाकायचा तर आधी खोकला यायला हवा होता.

जाडा माणूस टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या बायकोनेही वाजवल्या, मग शेजारच्या टेबलाने, मग सगळ्या अंगणाने. त्यांना वाटलं गाणं संपलं. कुणीतरी शिट्टी मारली. टाळ्या त्या जागेत भरल्या, कडेपर्यंत, आणि त्यांच्याखाली काही होतं की नव्हतं ते कळायची सोय राहिली नाही.

टेरेलची काठी अजून वर होती. तो तिच्याकडे वाकला.

"मावशी, संपलं का?"

लुवेनियाची मान अजून डाव्या खांद्याकडे होती. ती तिने सरळ केली.

"हो," ती म्हणाली. "संपलं. खाली ठेव हात, खांदा जाईल तुझा."